बालचित्रांचे वाचन आणि पालकांचे स्थान : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक परीक्षण

१

चिंताग्रस्त मुलाला कागद व खडू देऊन बोलते करावे आणि त्याच्या उपचारात आईवडिलांनाही सहभागी करून घ्यावे, हा विचार मानसशास्त्राच्या वर्गांतून निघून आता शाळांच्या समुपदेशन-कक्षांपर्यंत येऊन पोहोचला आहे. विचार चांगला आहे. परंतु चांगल्या विचाराचे परीक्षण करू नये असा काही नियम नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, मानसोपचार नव्हे. तरीही या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे धाडस करावेसे वाटते. या उपचारपद्धतीच्या वाङ्मयात ‘चित्राची भाषा’, ‘चित्राचे वाचन’, ‘मूल चित्रातून बोलते’ असे शब्दप्रयोग पानोपानी आढळतात. ही विधाने रूपके म्हणून केलेली आहेत की शब्दशः खरी मानावयाची आहेत, याचा निर्णय त्या वाङ्मयात क्वचितच केलेला असतो. आणि हा निर्णय न केल्याचे परिणाम मुलाला व त्याच्या आईवडिलांना भोगावे लागतात. म्हणून हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही.

पुढील विवेचनात तीन गोष्टी तपासावयाच्या आहेत : चित्राला भाषा म्हणता येईल काय, पालकांना उपचारात घ्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि ही पद्धती मराठीत, विशेषतः कृष्णाकाठच्या व माणदेशाच्या मराठीत आणताना कोणते भान ठेवावयास हवे.

२

भाषेतील चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरने सांगून शतक उलटून गेले. ‘झाड’ या ध्वनिसमूहात झाडासारखे काहीही नाही; तो समाजाने मान्य केलेला संकेत होय, आणि संकेत आहे म्हणूनच त्याचा कोश करता येतो. चित्रातले झाड मात्र झाडासारखे दिसते. पर्सच्या परिभाषेत ते सादृश्यावर उभे असलेले चिन्ह आहे. अशा चिन्हांचा कोश करू पाहणाऱ्याने आधी एक गोष्ट सिद्ध केली पाहिजे, ती ही की सादृश्याच्या पलीकडचा जो अर्थ तो त्या चिन्हाला देतो, तो अर्थ काढणाऱ्याच्या समाजात खरोखरच रूढ आहे.

१९४८ साली बकने घर, झाड व माणूस यांच्या चित्रांवर आधारलेली परीक्षा मांडली. १९४९ साली मॅकोव्हरने मानवाकृतीच्या चित्रातून व्यक्तिमत्त्वाचा वेध घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७० साली बर्न्स व कॉफमन यांनी कुटुंबातील माणसे काहीतरी करीत असल्याचे चित्र काढावयास सांगण्याची पद्धती रूढ केली. या ग्रंथांनी मुलांच्या चित्रांकडे गंभीरपणे पाहावयास शिकविले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्यापासून निघालेल्या परंपरेने चित्रांचा एक कोशच तयार केला. घराच्या चित्रात धुराडे नसेल तर घरात मायेची ऊब नाही; डोळे मोठे असतील तर संशय; भिंतीतून किंवा कपड्यांतून आतले दिसत असेल तर भावनिक अस्वास्थ्य.

आता हा कोश घेऊन आपण साताऱ्याच्या एखाद्या शाळेत जाऊ. माण-खटावकडील जुनी घरे धाब्याची, पाटण-जावळीकडची कौलारू, आणि आता दोन्हीकडे पत्र्याची व सिमेंटच्या छताची. यांपैकी कोणत्याही घराला युरोपीय पद्धतीचे धुराडे नाही. धूर जाण्यासाठी छपरात भोक ठेवलेले असे, आणि गॅसची शेगडी आल्यावर तेही बुजले. म्हणजे या कोशाप्रमाणे दोन जिल्ह्यांतील बहुतेक घरे मायेला पारखी झाली म्हणावयाची! भिंतीतून आतली माणसे दाखविण्याविषयी तर फ्रेंच अभ्यासक ल्यूके याने १९२७ सालीच सांगून ठेवले आहे की, लहान मूल जे दिसते ते काढीत नाही, जे ठाऊक आहे ते काढते. घरात आजी आहे हे मुलाला ठाऊक असते. मग भिंत आड आली म्हणून ते आजीला का वगळील? वाढीच्या ओघात येणारी ही अवस्था पुढे काही लेखकांनी विकाराच्या लक्षणांत जमा केली.

या कोशाविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा १९६७ साली चॅपमन दांपत्याने दिला. त्यांनी मानसशास्त्राचा अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांना माणसांची चित्रे दाखविली आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याची म्हणून काही लक्षणे लिहिली. चित्रे व लक्षणे यांची सांगड मुद्दाम संबंध राहणार नाही अशी घातलेली होती. तरीही विद्यार्थ्यांना त्यांत संबंध ‘आढळले’. आणि ते नेमके तेच होते, जे अनुभवी चिकित्सक आपल्या अनुभवाचे फळ म्हणून सांगत असत. डोळे आणि संशय यांचा संबंध चित्रात नव्हता. तो पाहणाऱ्याच्या भाषेत होता. मराठीतही ‘डोळे वटारणे’, ‘डोळ्यांत खुपणे’, ‘डोळा ठेवणे’ हे वाक्प्रचार आहेतच. चित्र वाचतो असे म्हणताना आपण पुष्कळदा आपलेच वाक्प्रचार वाचीत असतो.

३

हा आक्षेप केवळ परदेशी कोशांना लागू पडतो असे मात्र नाही. आपण स्वतःचा देशी कोश केला तरी तो टिकणार नाही, हे दाखविण्यास सांगली जिल्हा पुरेसा आहे.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी कृष्णा-वारणाकाठाने महापूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करणारी नाव उलटून माणसे बुडाली. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडींखाली घरे गेली. या भागातील मुलाने निळ्या किंवा तपकिरी रंगाने कागद भरून टाकला, तर पाहणाऱ्याच्या मनात पूर येतो. पण त्याच सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीच्या मुलाने तोच रंग तसाच भरला, तर? तेथे पाणी येणे म्हणजे सण. साताऱ्यात महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एका जिल्ह्याच्या सीमेत ज्या चिन्हाचा अर्थ उलटा होतो, त्याचा कोश कोणी करावा?

मग अर्थ कोठे आहे? तो चित्र काढताना व काढल्यानंतर झालेल्या बोलण्यात आहे. ‘हे काय?’ या प्रश्नाला मूल जे उत्तर देते, ज्याविषयी ते गप्प बसते, जे ते दुसऱ्या दिवशी बदलते, त्या सर्व व्यवहारात चित्राचा अर्थ घडत असतो. चित्र ही भाषा नव्हे. ते बोलण्याचे निमित्त होय. विनिकॉट या इंग्रज बालवैद्याचा रेघोट्यांचा खेळ या दृष्टीने उद्बोधक आहे. वैद्याने एक वेडीवाकडी रेघ काढावयाची, मुलाने तिचे काहीतरी करावयाचे. मग मुलाने रेघ काढावयाची व वैद्याने ती पुरी करावयाची. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या खेळाची अनेक उदाहरणे आहेत. येथे चित्र ‘वाचले’ जात नाही. त्यात पाळीपाळीने भाग घेतला जातो. हे संभाषणाचे मूलभूत लक्षण आहे, आणि म्हणूनच पालकांचा प्रश्न येथून सुरू होतो. कारण मुलाचे नित्याचे संभाषण वैद्याशी नसून घरच्या माणसांशी असते.

४

पालकांमार्फत मुलाच्या भीतीवर उपचार करण्याचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केले. घोड्यांना भिणारा पाच वर्षांचा हान्स. त्याच्याशी बोलणारा व ते टिपून घेणारा त्याचा बाप. आणि दूर बसून बापाला सल्ला देणारा फ्रॉइड. उपचाराच्या काळात फ्रॉइडने मुलाला एकदाच पाहिले. या वृत्तान्तात एक चित्रही आहे. बापाने मुलासाठी जिराफ काढला. मुलाने त्यात एका अवयवाची उणीव दाखविली. बाप म्हणाला, तूच काढ. आणि मुलाने एक रेघ जोडली. एका कागदावर बापलेकांचे दोन हात फिरले, ही त्या वृत्तान्तातील अत्यंत मोलाची घटना आहे.

परंतु त्याच वृत्तान्तात या पद्धतीचा धोकाही आहे. बाप केवळ बाप राहिला नाही. तो प्रश्नकर्ता, लेखनिक आणि भाष्यकार झाला. मुलाने जे सांगावे अशी त्याची अपेक्षा होती, त्याकडे त्याचे प्रश्न वळत गेले. मुलाला स्वतः सांगता न आलेल्या पुष्कळ गोष्टी त्याला सांगाव्या लागल्या, हे फ्रॉइडनेही मान्य केले आहे. आणि १९६० साली वोल्पे व रॅखमन यांनी या पुराव्याची कठोर चिकित्सा केली. बाप उपचारात आला हे चांगले झाले. तो मुलाच्या मनाचा वाचक होऊन आला, हे चांगले झाले नाही.

हा भेद आजच्या वाङ्मयात पुसट होतो. ‘पालकांचा सहभाग’ या एका शब्दप्रयोगाखाली तीन निरनिराळ्या भूमिका एकत्र केल्या जातात. पहिली माहितगाराची : पालक मुलाविषयी माहिती देतो. दुसरी प्रेक्षकाची : मुलाचे चित्र त्याला दाखवून अर्थ समजावला जातो. तिसरी सहकाऱ्याची : तो स्वतः कागदावर हात चालवितो आणि स्वतःचे वागणे बदलतो. पहिली आवश्यक आहे. दुसरी अनेकदा घातक. कारण ‘तुमच्या मुलाने तुम्हांला चित्रात लहान काढले आहे’ असे ऐकून घरी गेलेली आई मुलाकडे त्याच डोळ्यांनी पाहू लागते, आणि पुढचे चित्र मूल तिला खूश करण्यासाठी काढते. खरा प्रश्न तिसऱ्या भूमिकेचा आहे.

५

या भूमिकेविषयी संशोधन काय सांगते? १९९६ साली ऑस्ट्रेलियात बॅरेट, डॅड्स व रॅपी यांनी मुलावरील उपचाराला कुटुंबाची जोड दिल्यास अधिक लाभ होतो असे दाखविले. नंतरच्या अनेक अभ्यासांत मात्र असे सर्वसाधारण श्रेष्ठत्व दिसून आले नाही. याउलट येल विद्यापीठातील लेबोविट्झ व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ७ ते १४ वर्षे वयाची १२४ मुले होती. काही मुलांवर प्रत्यक्ष उपचार झाले. उरलेल्यांच्या बाबतीत केवळ आईवडिलांना मार्गदर्शन करण्यात आले, मुलाला बोलाविलेच नाही. दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा उणा ठरला नाही. या दोन निष्कर्षांत वरवर विरोध दिसतो. पण तो सुटण्यासारखा आहे. पालकाला खोलीत आणून बसविल्याने फारसे काही होत नाही. पालकाचे एक विशिष्ट वागणे बदलले तर पुष्कळ होते.

ते वागणे कोणते? मूल भिते म्हणून त्याच्याऐवजी आपण उत्तर देणे, त्याच्यासाठी रस्ता बदलणे, शाळेला चिठ्ठी पाठविणे, रात्रभर हात धरून बसणे. या वागण्याला जो इंग्रजी पारिभाषिक शब्द आहे, त्याचे भाषांतर काही ठिकाणी ‘समायोजन’ असे करतात. हा शब्द निर्जीव आहे, आणि त्यामुळे तो आईला समजत नाही. मराठीत यासाठी जिवंत शब्द आहे, तो म्हणजे ‘सांभाळून घेणे’. त्यात माया आहे, आणि झाकून नेण्याचा भावही आहे. चिंताग्रस्त मुलाला आई सांभाळून घेते म्हणून भीती टिकते, असे म्हटले की आईला दोष न देता तिला तिच्या वागण्याचे दोन्ही अर्थ दाखविता येतात.

चित्राचा खरा उपयोग येथे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. समजा, सांगलीवाडीतील नऊ वर्षांची मुलगी जून उजाडला की आईला सोडून झोपत नाही. तिला ‘तुझ्या मनातले काढ’ असे सांगण्यापेक्षा घरातील सर्वांना एकाच मोठ्या कागदाभोवती बसवून ‘पाऊस वाढला की आपल्या घरात कोण काय करते?’ हे काढावयास सांगावे. मुलगी अंथरूण काढील. बाप मोबाइलवर आयर्विन पुलाजवळची पातळी पाहत असलेला स्वतःलाच काढील. सांगलीत ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी लहान मुलांनाही पाठ असते. ‘पाणी किती फुटांवर आलं?’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातील मुलीची भीती कोठून आली हे वाचण्यासाठी कोश लागत नाही. कागदावर बापाने स्वतःच ते मांडलेले असते. यात भीती खोटी ठरत नाही. पूर खरा आहे, सावधगिरीही खरी आहे. पण पातळी विचारण्याची वेळ दिवसातून दोनदा ठरवावी, आणि आईने अंथरुणाजवळून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून पुढच्या खोलीपर्यंत एकेक पायरी मागे जावे, एवढे त्या कागदावरच आखता येते. पायऱ्या मुलीने काढाव्यात, कारण चढावयाच्या तिला आहेत. चिंतेच्या उपचारात टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जाणे हा सर्वांत भक्कम पुराव्याचा भाग आहे. चित्र त्याचे वाहन होऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘पालक’ कोण? परदेशी ग्रंथांत दर आठवड्यास येणारे आईवडील गृहीत धरलेले असतात. जावळी-पाटणमधील कित्येक घरांतील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामावर आहे. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पांगलेले आहेत. साताऱ्यातील अनेक गावांतून माणसे सैन्यात आहेत. मूल आजीजवळ असते. अशा घरात पालक म्हणजे आजी. आणि बाप म्हणजे रात्री फोनवर येणारा आवाज. येथे चित्राला एक असा गुण आहे जो बोलण्याला नाही : ते अर्धे ठेवता येते आणि पाठविता येते. मुलाने अर्धे काढलेले चित्र फोनवरून बापाकडे जावे आणि त्याने उरलेले अर्धे काढून परत पाठवावे, ही गोष्ट आज अवघड नाही.

६

आता भाषेकडे वळू. मराठीत ‘काळजी’ या एका शब्दाने चिंता आणि जोपासना या दोन्हींचा बोध होतो. काळजी वाटते, काळजी लागते, काळजी करतात आणि काळजी घेतात. क्रियापद बदलले की दोषाचा गुण होतो. त्यातून ‘मुलाची काळजी’ ही रचना घ्या. ही षष्ठी कर्त्याची की कर्माची? मुलाला वाटणारी काळजी, की मुलाविषयी आईला वाटणारी? व्याकरण याचा निर्णय करीत नाही. आणि पुष्कळ घरांत तो निर्णय प्रत्यक्षातही झालेला नसतो. समुपदेशक जेव्हा आईला ‘काळजी करू नका’ असे सांगतो, तेव्हा तिला ‘लक्ष देऊ नका’ असे ऐकू येते आणि ती दुखावते. ‘काळजी घ्या, पण ती मुलासमोर करू नका’ असे सांगितले तर तिला तिच्याच भाषेत भेद समजतो.

भीतीचे व्याकरण याहून उपयुक्त आहे. ‘मी भितो’ असे आपण म्हणू शकतो. पण मूल सहसा ‘मला भीती वाटते’ म्हणते, आणि खेड्यात ‘मला भ्या वाटतंय’ म्हणते. या वाक्यात क्रियापद भीतीशी जुळते, मुलाशी नाही. भीती ही कोणीतरी आहे आणि ती मुलाला ‘वाटते’. व्हाइट व एप्स्टन यांनी १९९० साली मांडलेल्या पद्धतीत प्रश्नाला माणसापासून वेगळे करून त्याच्याशी बोलावे असे आहे. मराठी वाक्यरचनेने ते अंतर आधीच ठेवलेले आहे. म्हणून ‘भीती कशी दिसते? ती केव्हा येते? ती आली की तू काय करतोस?’ हे प्रश्न मराठीत कृत्रिम वाटत नाहीत आणि तिचे चित्रही सहज काढता येते. याउलट ‘भित्रा’, ‘घाबरट’, ‘रडतोंड्या’ ही विशेषणे ते अंतर पुसून टाकतात. पालकांच्या सहभागातील पहिले काम विशेषणे सोडून क्रियापदांकडे वळणे हे असावे. व्याकरण विचाराला बांधून टाकते असे येथे सुचवावयाचे नाही. ते वाट सोपी करते, इतकेच.

तशीच गोष्ट पोटाची. शाळेच्या वेळी मुलाचे पोट दुखते. वैद्याला पोटात काही सापडत नाही. आणि घरचे त्याला ढोंगी ठरवितात. पण ‘पोटात गोळा येणे’, ‘पोटात धस्स होणे’ हे आपल्याच भाषेने म्हटले आहे. मुलाला तो गोळा काढावयास सांगा : केवढा, कोणत्या रंगाचा, सकाळी किती आणि सुटीच्या दिवशी किती. हे चित्र पाहून आजी म्हणेल, ‘माझ्याही येतो.’ त्या क्षणी मूल ढोंगी उरत नाही.

७

मराठीत चित्र ‘काढतात’. दृष्टही काढतात, काटाही काढतात आणि रडणाऱ्याची समजूतही काढतात. आत जे आहे ते बाहेर आणणे, हा या सर्व प्रयोगांतील समान अर्थ. म्हणून चित्र काढले की भीती निघते असा निष्कर्ष कोणी काढू नये. अनेकार्थता हा पुरावा नव्हे, आणि केवळ चित्र काढल्याने चिंता बरी होते याला पुरेसा आधार नाही. परंतु एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. दृष्ट काढताना मूल गप्प बसलेले असते आणि सर्व काही आई करते. समजूत काढताना दोघांना बोलावे लागते. चित्रोपचारात पालकांना घ्यावयाचे ते दुसऱ्या अर्थाने.

या परीक्षणातून विभागातील संशोधकांपुढे तीन कामे ठेवावीशी वाटतात. एक : भीती व काळजी यांचा सातारा-सांगलीच्या बोलींतील शब्दसंग्रह तालुकावार गोळा करणे. ‘तू काळजी करतोस का?’ आणि ‘तुला काळजी वाटते का?’ या दोन प्रश्नांना एकच मूल निरनिराळे उत्तर देऊ शकते, हे न तपासता परकीय प्रश्नावल्यांची भाषांतरे प्रमाण मानणे योग्य नव्हे. दोन : चित्रे जमविताना त्यांच्याबरोबरचे संभाषणही शब्दशः टिपणे, संभाषणाविना जमविलेली चित्रे ही अर्थ हरवलेली सामग्री होय. तीन : चित्र मुलाचे आहे, हे विसरू नये. आपत्तीनंतर मुलांची चित्रे भिंतीवर लावण्याची हौस सर्वांनाच असते. पण ज्या चित्रात मुलाने आपल्या बुडालेल्या घराला जागा दिली आहे, ते कोणी पाहावे हे त्यालाच विचारले पाहिजे.

मुलाच्या चित्राचा अर्थ आम्हांस कळला, असे म्हणणाऱ्या तज्ज्ञापेक्षा ‘हे काय काढलंस?’ असे विचारून उत्तराची वाट पाहणारी आजी शास्त्राच्या अधिक जवळ आहे. तिला खडू हाती घ्यावयास लावणे एवढेच शास्त्राचे काम उरते.